मनगटाची गती : वय आणि स्त्रीपुरुषभेद

(सुकापूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, उद्योगधंदे ह्यांसारख्या भारदस्त विषयांवर आपण दरवर्षी विद्वानांची भाषणे ऐकता. त्यांच्या पंक्तीस मनगटासारखा विषय घेऊन बसणे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु चिटणीसांनी घराघरांत उपयोगी पडेल असे काही सांगा म्हणून आग्रह केला, आणि ज्या अवयवावाचून घरातील एकही काम पार पडत नाही त्याच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. ह्या विषयात एक गैरसमज असा रुजलेला आहे की, त्यापायी अनेक घरांतील आयाबहिणी नाहक पंगू हाताने उरलेले आयुष्य काढतात. तो गैरसमज म्हणजे ‘आता वय झाले, मनगट धरायचेच’ हे वाक्य.

आपल्या भाषेत मनगट म्हणजे जोर. मनगटाच्या जोरावर राज्ये मिळविली असे आपण म्हणतो, दंडेलीला मनगटशाही म्हणतो आणि भित्र्या माणसाला हातात बांगड्या भरल्या आहेत काय, असे हिणवतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र जोर हा मनगटाचा गुण नव्हे. जोर असतो कोपराखालच्या स्नायूंत. त्या स्नायूंच्या दोऱ्या, ज्यांना कंडरा म्हणतात, मनगटावरून बोटांकडे जातात, आणि त्या जोराला हवी ती दिशा देणे हे मनगटाचे काम आहे. मनगटाचे खरे वैभव त्याच्या गतीत आहे, आणि ह्या वैभवात बांगड्या भरणारा हात मागे नसून किंचित पुढेच आहे.

संस्कृतात मनगटाला मणिबंध म्हणतात; मण्यांचे कंकण जेथे बांधावयाचे ते स्थान. ह्या स्थानी एक हाड नसून आठ लहान लहान हाडे दोन ओळींत बसविलेली आहेत. त्यांच्या एका अंगास कोपराखालची दोन लांब हाडे आणि दुसऱ्या अंगास तळहाताची पाच हाडे. ही सारी रचना चिवट अस्थिबंधांनी बांधलेली असून ती चार दिशांनी हलते. तळहात आतल्या बाजूस वाकविणे ही पहिली गती, हात पाठीमागे उचलणे ही दुसरी, अंगठ्याच्या बाजूस झुकविणे ही तिसरी आणि करंगळीच्या बाजूस झुकविणे ही चौथी. कुलुपात किल्ली फिरविताना जी गती होते ती मनगटाची नव्हे. तेथे कोपराखालची दोन हाडे एकमेकांभोवती फिरत असतात.

ही गती मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाला दोन पट्ट्या जोडल्या म्हणजे ते तयार होते; वैद्यकात त्याला गोनिओमीटर म्हणतात. एक पट्टी हाताच्या लांब हाडाशी, दुसरी तळहाताच्या हाडाशी लावून मधला कोन वाचावयाचा. निरोगी प्रौढ माणसाचे मनगट आत सुमारे ७० ते ८० अंश वाकते, मागे सुमारे ७० अंश उचलते, अंगठ्याकडे सुमारे २० आणि करंगळीकडे सुमारे ३० अंश झुकते. बहुधा उजव्या हाताने कामे करणाऱ्याचे उजवे मनगट डाव्यापेक्षा किंचित कमी वाकते. हा फरक काही अंशांचाच असतो.

आता वयाचा विचार करू. तान्ह्या मुलाचे मनगट किती लवचिक असते हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. पुढे हाडे पक्की होतात, अस्थिबंध घट्ट होतात, आणि गती थोडी थोडी कमी होऊ लागते. अस्थिबंध व संधीभोवतीचे आवरण ज्या तंतूंनी विणलेले असते ते तंतू वयाबरोबर एकमेकांत अधिकाधिक गुंतत जातात. नव्या दोरखंडाची मऊ वीण जुनेपणी ताठर व्हावी, तसा हा प्रकार आहे. परंतु ही घट किती? १९७९ साली अमेरिकेत बून आणि ॲझेन ह्या दोन संशोधकांनी दीड वर्षापासून ५४ वर्षांपर्यंतच्या १०९ निरोगी व्यक्तींचे सांधे मोजले. एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांचे मनगट सरासरीने ७८ अंश आत वाकत होते, तर त्याहून मोठ्यांचे ७५ अंश. म्हणजे बाल्य आणि प्रौढत्व ह्यांतील अंतर अवघे तीन अंशांचे! मागे उचलण्यात व बाजूंना झुकण्यात तर दोन अंशांचाही फरक नव्हता. साठीनंतर ही घट अधिक जाणवते हे खरे. पण ती हळूहळू, वर्षानुवर्षे आणि दोन्ही हातांत सारखीच होते. मान, कंबर व गुडघे ह्यांना देहाचा भार वाहावा लागतो, मनगटाला तसा नित्याचा भार नाही. त्यामुळे केवळ झिजेने मनगट धरले असे सहसा घडत नाही.

ह्यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, वय मनगटाची गती चोरते ती चिमटी-चिमटीने, ओंजळीने नव्हे. ज्या मनगटाची गती सहा महिन्यांत निम्म्याने गेली, किंवा एकाच हाताची गेली, त्याचा दोष वयाच्या माथी मारणे हा वयावर अन्याय आणि रोगाला अभयदान आहे.

आता दुसरा भाग, स्त्रीपुरुषभेदाचा. नुकत्याच सांगितलेल्या त्या मापनातील १०९ व्यक्तींत एकही स्त्री नव्हती. ते सारे पुरुष होते, आणि त्या निबंधाच्या मथळ्यातच तसे स्पष्ट म्हटलेले आहे. तरीही त्यातील आकडे पाठ्यपुस्तकांत गेले आणि स्त्रिया व पुरुष दोघांनाही लावले गेले. पुढे जेव्हा स्त्रियांचीही मापने झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी असे दिसून आले की, स्त्रियांचे मनगट पुरुषांपेक्षा काही अंशांनी अधिक वळते. त्यांचे अस्थिबंध निसर्गतःच थोडे सैल असतात. हाडे लहान व स्नायूंचा घेर कमी असल्याने वाकण्यास अडथळाही कमी होतो. गरोदरपणात शरीरातील स्रावांमुळे हे अस्थिबंध आणखी सैलावतात. जोराच्या बाबतीत मात्र चित्र उलट आहे. स्त्रियांच्या मुठीची पकड सरासरीने पुरुषांच्या पकडीच्या सुमारे तीनपंचमांश भरते. तेव्हा दोघांतील जोराचा फरक मोठा आणि पुरुषाच्या बाजूचा, तर गतीचा फरक लहान आणि स्त्रीच्या बाजूचा आहे.

कोणी म्हणेल, पाचसात अंशांचा हा फरक. त्याचे एवढे काय? परंतु माझ्या आजच्या सांगण्याचे मर्म येथेच आहे, म्हणून आपण क्षणभर लक्ष द्यावे. समजा, पंचावन्न वर्षांच्या एका गृहिणीचे मनगट मुळात ८५ अंश आत वाकत होते. पडण्याचे निमित्त झाले, हाड मोडले, प्लॅस्टर झाले, प्लॅस्टर निघाले आणि आता तिचे मनगट ६५ अंश वाकते. पुरुषांवरून बेतलेला तक्ता पाहणारा म्हणेल, ‘सत्तरच्या जवळ आहे, ह्या वयाला ठीकच.’ घरातली माणसे म्हणतील, ‘भाकऱ्या करते की!’ आणि ती स्वतः म्हणेल, ‘चालायचेच.’ तिघांपैकी कोणालाही कळत नाही की, तिने वीस अंश गमावले आहेत. तिची मूळची श्रीमंती कोणी मोजलेलीच नव्हती, म्हणून तिची चोरीही कोणाच्या ध्यानात आली नाही.

घरकाम चालू आहे ह्यावरून मनगट बरे आहे असे मानणे ही आणखी एक फसगत आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९९१ साली वीस पुरुष व वीस स्त्रिया ह्यांना नित्याची चोवीस कामे करावयास लावून मापे घेतली. बहुतेक कामांना मनगट ४० अंश आत व ४० अंश मागे हलले तरी पुरते असे त्यांना आढळले. निसर्गाने आपणास गरजेपेक्षा बरेच अधिक दिलेले आहे. हे भाग्यच आहे, पण त्यामुळेच निम्मी गती जाईपर्यंत आपणास पत्ता लागत नाही. भाकरी थापणे, निवडणे-टिपणे, धुणे, लिहिणे ही सारी कामे गतीच्या मधल्या टप्प्यातच होतात. टोकाचे अंश वापरलेच जात नाहीत. म्हणून दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘तुझ्या हाताला व्यायाम पुष्कळ होतो’ असे सांगणे चुकीचे आहे. तिच्या हाताला श्रम पुष्कळ होतात; व्यायाम होतो असे नाही.

टोकाच्या गतीची गरज आपल्या राहणीत एका ठिकाणी मात्र नित्य लागते. मांडी घालून बसलेला माणूस तळहात जमिनीला टेकून उठतो तेव्हा मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळते आणि त्यावर शरीराचा भार येतो. ज्याचे मनगट मागे वळत नाही तो नकळत मूठ टेकवून उठू लागतो. आपल्या घरातील आई, काकू वा आजोबा हल्ली मूठ टेकवून उठतात काय, हे आज घरी गेल्यावर पाहावे. मागे वळण्याची ही गती पकडीसाठीही महत्त्वाची आहे. कारण मनगट सुमारे तीस अंश मागे उचललेले असतानाच मूठ सर्वांत घट्ट आवळली जाते. ती गती गेली की कळशी हातातून सुटते, आणि आपण म्हणतो, हातातला जोर गेला.

मग ही गती खरोखर कोण नेतो? पहिला चोर म्हणजे मनगटाजवळचे हाड मोडणे. पाय घसरला की माणूस हात पुढे टेकतो आणि अंगठ्याच्या बाजूचे लांब हाड मनगटाच्या वर बोटभर अंतरावर मोडते. डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस ह्यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ८१ वर्षे, ह्या अस्थिभंगाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, म्हणून पन्नाशीनंतर हा अस्थिभंग पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळच अधिक. सुकापूरसारख्या गावी पूर्वी पावसाळ्यात बांधावरून पाय घसरत असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ह्या परिसरात वसाहती उठल्या, आणि आता पाय घसरतो तो गुळगुळीत फरशीच्या न्हाणीघरात. जागा बदलली, मोडणारे हाड तेच राहिले.

येथे बांगड्यांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. हात मोडल्यावर पहिल्या तासाभरातच सूज चढू लागते. त्या वेळी बांगड्या व अंगठ्या ताबडतोब उतरविल्या नाहीत तर त्या फासासारख्या आवळतात आणि बोटांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. सवाष्णीने हात मोकळा ठेवू नये ह्या भावनेने अनेक घरांत येथे वेळ दवडला जातो. भगिनींनो, दुसऱ्या हातात चुडा असतोच. बांगडी पुन्हा भरता येते, बोट पुन्हा उगवत नाही. तसेच प्लॅस्टरखालील बोटे निळी वा पांढरी पडली, बधिर झाली किंवा वेदना असह्य झाली, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

दुसरा चोर आमवात. हा स्त्रियांना पुरुषांच्या दुपटीतिपटीने होतो आणि पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीतच सुरू होतो. दोन्ही मनगटे व बोटांचे सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासाहून अधिक वेळ हात आखडलेले राहतात. लवकर औषधोपचार झाला तर आज हा रोग पुष्कळ आटोक्यात ठेवता येतो. उशीर झाल्यास सांधा कायमचा जातो. तिसरा चोर मधुमेह; ह्याच्या दारी स्त्रीपुरुषभेद नाही. तो बरीच वर्षे असला म्हणजे हाताची त्वचा व सांध्यांभोवतीचे तंतू जाड होतात, आणि नमस्कार करताना दोन्ही हातांची बोटे व तळवे एकमेकांस पूर्ण भिडत नाहीत. चौथा त्रास बाळंतिणीचा. मूल वारंवार उचलल्याने अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर कळ येते आणि हात करंगळीकडे झुकविता येत नाही. स्विस शस्त्रवैद्य द कर्व्हॅं ह्यांनी १८९५ साली ह्या विकाराचे वर्णन केले. ‘पहिलटकरणीचे चोचले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. विश्रांती, आधारपट्टी व उपचार ह्यांनी तो बहुधा पूर्ण बरा होतो. आणखी एक सावधगिरीची सूचना अशी की, गती पूर्ण असली म्हणजे मनगट निरोगीच असे नव्हे. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील मज्जातंतू दबला जात असण्याचा संभव असतो. हाही विकार मध्यम वयाच्या स्त्रियांत अधिक आढळतो.

ह्या सर्वांवर पाळत ठेवण्यासाठी घरी कोनमापक आणण्याची आवश्यकता नाही. आपल्या संस्कृतीने प्रत्येकाला एक मापन शिकविलेले आहे. ते म्हणजे नमस्कार. आरशासमोर उभे राहून छातीशी हात जोडावेत आणि तळवे विलग न होऊ देता दोन्ही कोपरे सावकाश वर उचलावीत. दोन्ही कोपरे सारखी वर आली तर दोन्ही मनगटे सारखी मागे वळतात असे समजावे. जे कोपर खाली राहील ते मनगट आखडलेले. नंतर उलटा नमस्कार करावा. हातांच्या पाठी एकमेकींस लावून बोटे जमिनीकडे करावीत आणि कोपरे सावकाश खाली आणावीत. आखडलेल्या बाजूचे कोपर आता वरच राहील. वर्षातून दोनदा, दसऱ्याला व पाडव्याला म्हणा, घरातील चाळिशीपुढच्या प्रत्येकाने एवढे करावे. कोष्टक पुरुषाचे की स्त्रीचे, तरुणाचे की म्हाताऱ्याचे, हा वादच मग उरत नाही. कारण ज्याच्याशी तुलना करावयाची तो दुसरा हातही त्याच व्यक्तीचा, त्याच वयाचा असतो. दोन्ही मनगटे एकदम आखडली असतील तर मात्र ही तुलना फसते. तेव्हा आमवात व मधुमेह ह्यांची तपासणी करून घ्यावी.

आता उपायाविषयी थोडे. प्लॅस्टर असताना मनगट स्थिर ठेवावयाचे असते, सारा हात नव्हे. बोटे, कोपर व खांदा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून हलविली पाहिजेत. प्लॅस्टर निघाले म्हणजे उपचार संपला असे पुष्कळजण समजतात. वस्तुतः तेथे त्याचा अर्धा भाग सुरू होतो. कोमट पाण्यात हात बुडवून, नंतर टेबलाच्या कडेवर ठेवून, मनगट सावकाश चारही दिशांना न्यावे, टोकाशी क्षणभर थांबावे, निरोगी हाताने अलगद मदत करावी. हे दिवसातून तीनचार वेळा, काही आठवडे, प्रसंगी काही महिने करावे लागते. ताण जाणवावा, पण नंतर सूज चढू नये, हे प्रमाण समजावे. नुकतेच जुळलेले हाड कोणाकडूनही जोराने ओढून वा चोळून घेऊ नये.

ह्या शास्त्राची सोय आज दुर्मिळ राहिलेली नाही. मुंबईस हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, तेव्हा ह्या भागातील रुग्णाला तिकडे जाणे म्हणजे मोठा प्रवास होता. आता पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यास महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. दार जवळ आले आहे. तेथवर जाण्याची बुद्धी मात्र घरातूनच व्हावी लागते. आणि येथे मला पुरुषवर्गास विनंती करावयाची आहे. घरातील कर्त्या पुरुषाचा हात मोडला तर त्याला व्यायामासाठी नेण्याआणण्याची व्यवस्था सारे घर करते, कारण त्याच्या हातावर मिळकत अवलंबून असते. तोच प्रसंग त्याच्या आईवर वा पत्नीवर आला म्हणजे, ‘घरीच तर असते, होईल हळूहळू’ असे म्हटले जाते. ज्या हातावर साऱ्या घराचे दोन वेळचे अन्न अवलंबून आहे तो हात मिळकतीचा नव्हे असे कोणत्या हिशेबाने म्हणावे?

आपल्या ज्ञातिसंस्थेने पुढील संमेलनात एक तास ह्या मापनासाठी राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. खर्च एका कोनमापकाचा. प्रत्येक कुटुंबातील वडीलधाऱ्यांची दोन्ही मनगटे मोजून एका कार्डावर आकडे लिहून द्यावेत. उद्या दुर्दैवाने कोणाचा हात मोडला, तर पूर्वी तो किती वळत होता हे त्या कार्डावरून कळेल, आणि कोणालाही ‘ह्या वयाला ठीकच’ असे म्हणता येणार नाही.

वार्धक्य कोणाला चुकलेले नाही आणि ते आपला कर वसूल करणारच. पण तो कर किती ह्याची पावती आपल्यापाशी असावी; त्याच्या नावाखाली दुसऱ्या कोणी लूट करू नये, एवढेच मला सांगावयाचे होते. दोन्ही मनगटे सारखी वळवून केलेल्या नमस्कारासह मी आपली रजा घेते.